गाईच्या पेशींवर ‘सिद्ध’ झालेली पावडर आणि माझी पडलेली फॅट

हिंगण्याचा_गोठा

नमस्कार मंडळी. नागपूरजवळच्या हिंगण्याच्या पुढं माझा लहानसा गोठा आहे. पाच संकरित गाई, मी, बायको आणि एक गडी. दूध रोज संकलन केंद्रावर जातं.

गेल्या महिनाभरात फॅट ३.९ वरून २.८ वर आली. गंमत म्हणजे दूध तेवढंच आहे, एसएनएफही (चरबी सोडून दुधातले बाकीचे घन घटक) तेवढाच. फॅट ३.५ आणि एसएनएफ ८.५ च्या खाली गेलं की दर कापतात, ते सोसलं. पण केंद्रावरचा पोरगा दहा माणसांसमोर हसत म्हणाला, "भाऊ, साय घरीच ठेवता वाटते!" ते मात्र जिव्हारी लागलं.

त्याच आठवड्यात एक विक्रेता दारात आला. शतावरी, जिवंती, मेथी आणि ‘वनस्पतीजन्य सक्रिय घटक’ असलेली पावडर. पत्रकावर मोठ्या अक्षरात: ‘गाईच्या कासेतील पेशींवर प्रयोगशाळेत सिद्ध.’ पाच किलोच्या डब्याची किंमत ऐकून बायकोनं हातातला कप खाली ठेवला. तरी घेतला. माणूस अडला की घेतो. आठ दिवस पाचही गाईंना दिली, फरक शून्य.

तर प्रश्न असा, पेशींवर सिद्ध म्हणजे नेमकं काय केलेलं असतं? कासेत औषध सोडून बघतात का? आणि एखाद्या झाडपाल्यातला घटक खरंच दुधाच्या पेशीपर्यंत पोचतो का? इथं कोणी या क्षेत्रातलं असेल तर सांगा. जाहिरात करायला येऊ नका, एक डबा आधीच घरात आहे.

बर्डीवाला

गाईले तर्री पोहे चारून पाहा भाऊ. आम्ही रोज खातो, आमची फॅट कधीच उतरत नाही.

शतावरी_कल्प

बर्डीवाला, हसू नका. 😀 माझ्या दोन्ही बाळंतपणांत सासूबाईंनी अळिवाची खीर, डिंकाचे आणि मेथीचे लाडू, रात्री दुधातून शतावरी असा सगळा थाट केला होता आणि दूध भरपूर आलं. त्याच सासूबाई गाय व्यायली की तिलाही बाजरी, गूळ आणि मूठभर मेथ्या शिजवून घालायच्या. पिढ्यानपिढ्यांचा अनुभव आहे. पावडरीत भेसळ असेल, वनस्पतीत खोट नाही असं माझं मत. धागाकर्ते, आठ दिवस कमी आहेत, महिनाभर देऊन बघा.

पेशीवेडी

मी काही वर्षं पेशीसंवर्धनाच्या प्रयोगशाळेत काम केलंय, म्हणून लिहिते. लांबेल थोडं.

कासेत औषध सोडत नाहीत. गाय तिथं नसतेच. कासेच्या आत द्राक्षाच्या घडासारख्या बारीक बारीक कूपिका असतात आणि प्रत्येकीला आतून एका थरात पेशींचं अस्तर असतं. दूध बनतं ते या पेशींत. या पेशी काढून प्लॅस्टिकच्या ताटलीत वाढवतात. आपल्याकडे गाईची कास कत्तलखान्यातून मिळत नाही, पण दुधातच गळून आलेल्या पेशी वेगळ्या करून वाढवता येतात. नाहीतर मॅक-टी नावाची पेशींची ओळ आहे. १९९१ साली कॅनडात गाईच्या पेशींत एका विषाणूचा जीन घालून ती तयार केली, त्यामुळे त्या पेशी विभागतच राहतात, म्हाताऱ्या होत नाहीत.

ताटली तळहातापेक्षा लहान. सूक्ष्मदर्शकाखाली तळाला फरसबंदीसारख्या चिकटून बसलेल्या पेशी, वर गुलाबी पाणी, ३७ अंशांचं कपाट, आत ५ टक्के कार्बन डायऑक्साइड. पेशी खातपित जातात तसं पाणी आंबतं आणि गुलाबीचं नारिंगी, नारिंगीचं पिवळं होतं. सकाळी कपाट उघडल्यावर पिवळं दिसलं की आमच्या मॅडम ओरडायच्या, "लेकरांना उपाशी ठेवलंत रात्रभर!" तो गुलाबी रंगही साळसूद नाही बरं का. तो किंचित इस्ट्रोजेनसारखा वागतो, म्हणून वनस्पतींतल्या इस्ट्रोजेनसदृश द्रव्यांची परीक्षा करायची तर बिनरंगाचं पाणी घ्यावं लागतं.

या पेशी आपण होऊन दूध करत नाहीत. प्रोलॅक्टिन, इन्सुलिन आणि कॉर्टिसोलच्या जातीचं एक स्टिरॉइड द्यावं लागतं. प्रोलॅक्टिन पेशीच्या दाराशी येऊन बसतं, आत जॅक-२ नावाचं विकर (एन्झाइम) जागं होतं, ते स्टॅट-५ ला हाकारतं, आणि स्टॅट-५ पेशीच्या केंद्रकात जाऊन केसीन या दुधातल्या प्रथिनाच्या जीनला कामाला लावतं. मग वनस्पतीतला घटक पाण्यात टाकायचा आणि बघायचं, केसीन वाढलं की घटलं, चरबीचे थेंब किती झाले, दोन पेशींमधले सांधे घट्ट आहेत की झिरपतायत.

आता खरी मेख. सोयाबीनमधलं जेनिस्टीन घ्या. ते जॅक-२ सारख्याच विकरांना अडवणारं द्रव्य. उंदराच्या कासपेशींवर टाकल्यावर केसीन कमी झाल्याचं दिसलेलं आहे. मग जगभरच्या गाई सोयाबीनची ढेप खाऊन आटायला नकोत का? आटत नाहीत, कारण मधे कोटीपोट आहे, गाईच्या पोटाचा पहिला कप्पा. शंभर लिटरहून मोठी आंबवणाची कोठी, त्यात कोट्यवधी जिवाणू. ते जेनिस्टीनचे तुकडे करून पॅरा-इथाइलफिनॉल बनवतात, त्याला इस्ट्रोजेनचा गुण राहत नाही. आणि सोयाबीनमधल्याच डेडझीनचं मात्र ते इक्वॉल करतात, जे मूळ द्रव्याहून जास्त जोरकस. एकाच दाण्यातली दोन द्रव्यं. एक निकामी झालं, दुसरं धारदार.

त्याच्यापुढं यकृत आहे, मग रक्त. कासेपाशी पोचेपर्यंत किती उरलं, हा प्रश्न त्या पत्रकानं विचारलेला नसतो. पेशीवर सिद्ध झालं हे खोटं नसेलही, पण त्या पेशीनं गवत खाल्लेलं नसतं.

बर्डीवाला, तुमच्या तर्रीलाही उत्तर आहे. तिखटातलं कॅप्सेसिन ज्या ग्राहीवर बसतं तो ट्रिप-व्ही-१ शोधल्याबद्दल डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल मिळालं. तेव्हा भिवापुरी मिरचीला कमी लेखू नका.

बर्डीवाला

ताई, माझ्या थट्टेले नोबेल लावून दिलं तुम्ही. सलाम.

कुटारदादा

राजेहो, ते पेशी-फेशी ठेवा घडीभर बाजूले. हिंगण्याचे भाऊ, गाईले तुम्ही खाऊ काय घालता ते तं सांगतलंच नाई. आणि तीन गोष्टी पाहून या. दुपारी गाई बसल्या का मोजा, बसलेल्यातल्या किती रवंथ करते? आर्ध्याच्या वर तोंडं हालली पाह्यजे. शेण थापीसारखं पडते का पातळ सांडते? आन् तिसरं, यंदा सोयाबीन भिजलं तुमचं? खरं सांगजा.

हिंगण्याचा_गोठा

कुटारदादा, तुम्ही काय अंतर्ज्ञानी आहात का?

सोयाबीन भिजलं. भाव असा पाडला की विकायला गाडीभाडं परवडेना, म्हणून घरीच भरडा करून घालतोय, महिना झाला. एका गाईला दिवसाला सोयाबीन भरडा अडीच किलो, मका भरडा दोन किलो, सरकी ढेप दीड किलो. तुरीचं कुटार (मळणीनंतरचा भुसा) मागच्या वर्षीचं संपत आलंय, नवी तूर निघायला अजून दोन महिने, सोयाबीनचं कुटार पावसानं काळं पडलं. त्यामुळं कुटार जेमतेम दोन-तीन किलो आणि थोडा हिरवा चारा.

आत्ताच बघून आलो. चार गाई बसल्यात, तोंड एकीचंच चालू आहे. शेण पातळ.

कुटारदादा

घ्या. पावडरीचा काई गुन्हा नाई, तुमच्या भरड्याचा हाये. म्या बी दोन वर्षांमागं हेच केलं होतं. ढोरायले तेल पाजलं म्या.

पेशीवेडी

कुटारदादांनी नाडी बरोबर धरली. आणि तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर तुमच्याच गोठ्यात निघालं. वनस्पतीतला घटक गाईच्या कासपेशीपर्यंत पोचून तिला गप्प करतो याचं सगळ्यात पक्कं उदाहरण हेच आहे.

सोयाबीनमध्ये साधारण पाचवा हिस्सा तेल. अडीच किलो भरडा म्हणजे रोज अर्धा किलो तेल. त्यातलं निम्मं लिनोलिक आम्ल. हे असंतृप्त तेल कोटीपोटातल्या जिवाणूंना मानवत नाही, म्हणून ते त्याला टप्प्याटप्प्यानं संतृप्त करतात. पोटात भरपूर कुटार असलं, रवंथ चालू असलं, लाळ उतरत असली की हे काम सरळ वाटेनं होतं. कुटार कमी, मका जास्त आणि वरून तेल असं झालं की पोट आंबट होतं, जिवाणूंची वस्ती बदलते आणि वाट वाकडी होते. त्या वाकड्या वाटेवर ‘ट्रान्स-१०, सिस-१२’ नावाचं एक लिनोलिक आम्ल तयार होतं.

ते किती जहाल असावं? २००० साली अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठातल्या प्रयोगात ते कोटीपोट टाळून रोज फक्त १० ग्रॅम, थेट पुढच्या जठरात सोडलं. चार दिवसांत दुधातल्या चरबीचं उत्पादन ४० टक्क्यांहून जास्त उतरलं. दूध मात्र तेवढंच. ते पेशीत शिरून एसआरईबीपी-१ या मुकादमाला गप्प करतं. तोच चरबी बनवणाऱ्या विकरांना हुकूम देत असतो. मॅक-टी पेशींवर ताटलीतही हेच दिसलं. ताटली आणि गाय दोघींनी एकच साक्ष दिली, असं फार क्वचित घडतं.

दूध का कमी झालं नाही? दुधाचं पाणी लॅक्टोज ओढून आणतं. लॅक्टोज ग्लुकोजपासून बनतं, आणि ते ग्लुकोज गाईचं यकृत कोटीपोटातल्या प्रोपियोनेटपासून करतं. मक्यानं ते काम तुमच्या गाईंत जोरात चालू आहे. साय घरी ठेवली नाहीत भाऊ तुम्ही, ती पेशीनं बनवलीच नाही. केंद्रावरच्या पोराला हे सांगायला जाऊ नका, तो पुन्हा हसेल.

भरडा उतरवा, कुटार किंवा कडबा विकत का होईना वाढवा. फॅट परत चढायला दहा-पंधरा दिवस लागतील, तेवढा धीर धरा. आणि कच्च्या सोयाबीनसोबत युरिया प्रक्रिया केलेलं कुटार चुकूनही घालू नका. सोयाबीनमधलं युरिएज नावाचं विकर युरियाचा अमोनिया करतं.

गवळाऊ_जुना

पशुसंवर्धन खात्यात ३१ वर्षं गावोगाव फिरलो, आता निवृत्त आहे. एका गोष्टीत नेहमी गल्लत होते म्हणून लिहितो.

पान्हा सोडणे वेगळे आणि दूध तयार होणे वेगळे. वासरू ढुशा मारते, धार काढणाऱ्याचा ओळखीचा हात लागतो, बादलीचा आवाज होतो, तेव्हा मेंदूखालच्या ग्रंथीतून ऑक्सिटोसिन सुटते, कूपिकांभोवतीच्या स्नायुपेशी आवळतात आणि साठलेले दूध सडात उतरते. त्याचा अंमल काही मिनिटांचा. नवीन दुधाचा एक थेंबही त्याने बनत नाही. "पावडर दिली आणि तासाभरात दोन लिटर वाढले" असे कोणी सांगू लागला की मी त्याला बसवून चहा पाजतो आणि पावडर परत देतो. जे वाढले ते कालचे अंगात राहिलेले दूध. उलट, कासेत दूध शिल्लक राहू दिले की पेशी आपणहून काम मंद करतात. वेळेवर आणि कोरडी धार काढण्याला पर्याय नाही.

जुन्या काळी पान्ह्यासाठी जनावराच्या मायांगात फुंकर घालायचे, फुका म्हणत. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात तो नाव घेऊन गुन्हा ठरवला आहे, आणि दूध वाढवण्यासाठी जनावराला अपाय करणारी इंजेक्शनेही त्याच कलमात आहेत.

कोटीपोटाबद्दल ताईंनी लिहिले त्याला आमच्या काळातली एक जोड. सुबाभूळ आठवते का? बांधाबांधावर लावली. पाला प्रथिनांनी भरलेला, पण त्यात मिमोसीन. जास्त चारला की जनावराचे केस गळत, गळ्याशी गाठ येई. ऑस्ट्रेलियात हाच त्रास, पण हवाई बेटावरच्या शेळ्या तोच पाला खाऊन ठणठणीत. रेमंड जोन्स नावाच्या संशोधकाने शोधले, तर त्या शेळ्यांच्या पोटात मिमोसीनचे विष पचवणारा जिवाणू निघाला. तो ऑस्ट्रेलियातल्या गुरांच्या पोटात सोडला आणि त्रास थांबला. जिवाणूला पुढे सिनर्जिस्टिस जोन्सी असे नाव दिले. पाला तोच. पोटात कोण राहते त्यावर विष की चारा हे ठरले.

शतावरी_कल्प

सगळं वाचलं. मग आमच्या आज्या-सासवा वेड्या होत्या असं म्हणायचं का? प्रत्येक गोष्टीला ताटलीतली पेशी आणि कोटीपोट. सासूबाईंनी चार गाई सांभाळल्या, त्यांना एसआरईबीपी माहीत नव्हतं.

पेशीवेडी

नाही हो, वेड्या कशा? १९६८ साली आपल्याकडेच उंदरांवर शतावरीच्या अर्काचा प्रयोग झाला होता. कासेच्या ऊती वाढल्या, दूधही वाढलं. पण १९९६ साली ‘इंडियन पेडिएट्रिक्स’मध्ये बाळंतिणींवरची चाचणी छापून आली. अर्ध्या जणींना शतावरीचं मिश्रण, अर्ध्यांना तसंच दिसणारं बिनऔषधी, आणि दोन्ही गटांत फरक पडला नाही. मी दोन्ही सांगते, एकच सांगून पावडर विकत नाही.

शतावरीत सॅपोनिन्स असतात, रिठ्याच्या फेसातली जात. ती कोटीपोटातल्या एकपेशीय प्राण्यांना मारतात. म्हणजे शतावरीचा गाईवर परिणाम झालाच, तर तो कासेआधी पोटातच सुरू होईल. तुम्हाला आणि मला कोटीपोट नाही. तुमच्या शतावरीचा हिशोब गाईला लावता येत नाही, आणि गाईचा तुम्हाला.

आणि सासूबाई नुसत्या मेथ्या घालत नव्हत्या. बाजरी, गूळ, शिजवलेलं कोमट अन्न. व्यायलेल्या थकलेल्या गाईला ती ताकदच असते. श्रेय मेथीला मिळालं.

शतावरी_कल्प

शेवटचं वाक्य सासूबाईंना वाचून दाखवलं. "बाजरी मीच निवडायची" म्हणाल्या. सध्या तह.

काटोलचा_संत्रा

थोडं अवांतर. आमच्याकडं संत्र्याचा रस काढल्यावर सालं आणि चोथा ढिगानं उरतो. त्यात हेस्पेरिडीन, लिमोनीन वगैरे. गाईला चालेल का? मोसमात फुकट मिळतं.

गवळाऊ_जुना

चालतो. त्यातले पेक्टिन कोटीपोटात चांगले पचते आणि मक्याइतके आंबवत नाही. पण सालीतले तेल जिवाणूंना मारक, म्हणून हळूहळू सुरू करा. आणि ताजाच घाला. ढिगाला दोन दिवसांत बुरशी येते. बुरशीवरून आठवले, सगळ्यांनीच ओल लागलेली सरकी ढेप टाकून द्या. बुरशीतले अफ्लाटॉक्सिन बी-१ गाईच्या यकृतात एम-१ होऊन दुधात उतरते, ते उकळूनही जात नाही. वनस्पतीपासून दुधापर्यंत काय पोचते विचारत होता ना, हे नक्की पोचते.

हिंगण्याचा_गोठा

२४ दिवसांनी येतोय, वही घेऊन.

सोयाबीन भरडा अडीच किलोवरून पाऊण किलोवर आणला, उरलेलं सोयाबीन पडत्या भावात विकलं. ज्वारीचा कडबा विकत आणून कुट्टी सुरू केली. पेशीवेडी ताईंच्या प्रतिसादावरून डोक्यात आलं, म्हणून पावडर बंद न करता फक्त पाखरी आणि बिजलीला चालू ठेवली, चंद्री, मोगरी, लक्ष्मी बिनापावडरीच्या. गावात एकाकडं फॅट मशीन आहे, दर रविवारी पाच बाटल्या घेऊन त्याच्या दारात.

पहिल्या रविवारी काही हललं नाही, रात्रभर झोप नाही. दुसऱ्या रविवारपासून चढण लागली. या रविवारी पाखरी ३.५, बिजली ३.७, चंद्री ३.६, मोगरी ३.६. लक्ष्मीला मधेच कासदाह झाला, तिची बाटली सोडून दिली. पावडर खाणारी आणि न खाणारी बरोबरच चढल्या. चार गाई म्हणजे काही प्रयोग नव्हे हे कळतं, पण माझ्या खिशापुरता निकाल लागला. दुपारी आता बसलेल्यांपैकी तीन-चार तोंडं हलतात.

विक्रेत्याला फोन केला होता. विचारलं, त्या पेशींना दिलेली पावडर आधी गाईच्या कोटीपोटातून काढून घेतली होती का? तो म्हणाला, "सर, वरून माहिती घेऊन सांगतो." अजून घेतोय.

कुटारदादा

लय बेस. आन् डब्यातली उरली ते?

हिंगण्याचा_गोठा

दीडेक किलो आहे. पण एक नवीच भानगड. आई पहिल्यापासून पाखरीचंच दूध चहाला घेते. चार दिवस झाले कप हुंगते आणि बाजूला सारते. म्हणते, "चहात मेथी कोणी टाकली?" मी हुंगलं, खरंच मेथीचा वास. बिजलीच्या दुधालाही आहे. बाकी तिघींच्या नाही.

पेशीवेडी

😀 म्हणजे त्या पत्रकातला एक तरी घटक कासेपर्यंत पोचला. तो सोटोलोन, मेथीच्या वासाचा मालक. कोटीपोट, यकृत, रक्त सगळं पार करून थेट आईंच्या कपात. संपवायचीच असेल पावडर, तर धार काढून झाल्यावर घाला, पुढच्या धारेपर्यंत वास बराच उतरतो.

हिंगण्याचा_गोठा

आईला विचारलं. ती म्हणते, डबा गोठ्याच्या बाहेर ठेव.